तिची गोष्ट चालूच आहे

तमिळमध्ये मालिकेला ‘तोडर्’ म्हणतात. एकाला एक लागून पुढे जात राहतं ते तोडर्. के. बालचंदर यांनी १९७४ साली आपल्या एका चित्रपटाचं नावच ‘अवळ् ओरु तोडर्कदै’ ठेवलं: ती म्हणजे एक क्रमशः कथा. मद्रासला दूरदर्शन केंद्र सुरू व्हायला तेव्हा अजून एक वर्ष होतं.

तमिळ पडद्याचा अभ्यास करताना मी या चित्रपटाकडे पुन्हापुन्हा वळते. त्याची नायिका कविता नोकरी करते. बाप संन्यास घेऊन निघून गेलेला, मोठा भाऊ दारुडा, बहीण विधवा, धाकटा भाऊ आंधळा. सगळं घर तिच्या पगारावर. अभिनेत्री सुजातानं तिला त्यागमूर्ती केलं नाही. थकलेली, फटकळ, घरच्यांवर डाफरणारी आणि तरी त्यांना न सोडणारी बाई तिनं उभी केली. लग्न तोंडाशी येऊन राहून जातं आणि कविता पुन्हा कामावर निघते. चित्रपट तिथे थांबतो. (रेखाच्या ‘जीवनधारा’त आपण हिंदीत हीच गोष्ट पाहिली.) पण तिचा दुसऱ्या दिवसाचा डबा, पुढच्या महिन्याचा पगार, दहा वर्षांनंतरचा एकटेपणा अडीच तासांत कुठे मावणार?

ते सगळं मालिकेत मावलं. आपल्याकडे दाक्षिणात्य सिनेमा म्हटलं की रजनीकांत आठवतो, आणि ते रास्तच आहे. बंगळूरच्या मराठी घरातल्या या शिवाजीराव गायकवाडांना पडद्यावर आणलं तेही बालचंदर यांनीच. पण नव्वदच्या दशकात मोठा पडदा नायकानं व्यापला आणि कमावत्या बाईला तिथे जागा उरली नाही. मग १९९३ मध्ये सन टीव्ही ही तमिळ वाहिनी आली. १९९९ मध्ये तिच्यावर ‘चित्ती’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा तिची नटी राधिका चाळिशीकडे झुकली होती. सिनेमात या वयाच्या नटीला नायकाची वहिनी करतात. इथे ती नायिका होती आणि निर्मिती तिच्याच कंपनीची होती. चित्ती म्हणजे मावशी, आणि सावत्र आईही. आपल्या ‘सावत्र’ शब्दातलं विष त्या शब्दात नाही.

मग २००३ मध्ये ‘कोलंगळ्’ आली. देवयानीची अभिनया बांधकाम व्यवसायात उतरते, भावंडांना सांभाळते, संसार मोडला तरी उभी राहते. दीड हजारांहून अधिक भाग! त्यात पाणी पुष्कळ होतं, रडारड होती, हे मी नाकारत नाही. तरीही मला ती कविताची थेट वारस वाटते.

‘कोलंगळ्’चे दिग्दर्शक तिरुसेल्वम यांनी २०२२ मध्ये ‘एदिर्नीच्चल’ ही मालिका आणली. एदिर्नीच्चल म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणं. बालचंदर यांच्या १९६८ च्या चित्रपटाचंही हेच नाव. शिकल्या-सवरलेल्या सुनांना घरात कोंडणारा गुणशेखरन जी. मारिमुत्तू यांनी असा रंगवला की प्रत्येक घराला आपला गुणशेखरन त्यात दिसला. ८ सप्टेंबर २०२३ रोजी याच मालिकेचं डबिंग करताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. त्यांच्या जागी वेल राममूर्ती आले. सुनांची लढाई थांबली नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये दुसरं पर्व सुरू झालं. त्याचं नाव ‘एदिर्नीच्चल तोडर्गिरदु’, म्हणजे प्रवाहाविरुद्धचं पोहणं चालू आहे.