दिमडीचं कातडं

दिमडी म्हणजे दिसायला काहीच नाही. वीतभर रुंदीचं लाकडाचं एक कडं आणि त्याच्या एका तोंडावर ताणून चिकटवलेलं कातडं. तबल्याला वादी असते, गठ्ठे असतात, ढोलकीला आवळायची सोय असते. दिमडीला यातलं काहीच नाही. मढवताना जो ताण बसला तोच ताण. पुढं आवाज बसला तर विस्तवावर शेकायची, एवढाच उपाय.

आमच्या घरातली दिमडी वडलांची. आजीची पहिली दोन लेकरं जगली नाहीत. तिसऱ्या वेळी ती पालीच्या खंडोबाला बोलली, हा जगला तर तुझा वाघ्या करीन. वडील जगले, ऐंशीच्या घरात जाऊन गेले. ते घरवाघ्या. म्हणजे शेती करायची, संसार करायचा, दारोदार हिंडायचं नाही. पण चंपाषष्ठीला पाच घरची वारी मागायची आणि भावकीत जागरण असलं की दिमडी घेऊन उभं राहायचं. पौषातल्या जत्रेला ते तारळी नदीच्या वाळवंटात बसून वाजवायचे, तेव्हा मी त्यांच्या मांडीला टेकून झोपलेलो असायचो. एवढ्या गलक्यात, भंडाऱ्याच्या धुरळ्यात झोप लागायची, आणि दिमडी थांबली की जाग यायची.

ती दिमडी घोरपडीच्या कातड्याची होती. त्या काळी सगळ्याच तशा असत. घोरपडीचं कातडं पातळ, पण चिवट. त्यावर बारीक खवल्यांची रांगोळी दिसते. बोट पडलं की आवाज टणकन उठतो आणि चटकन मिटतो, मागं गुणगुण राहत नाही. वाघ्याला तेच हवं असतं, कारण शेजारी तुणतुणं आणि मुरळीची घाटी वाजत असते. त्यात दिमडीचा बोल सुटा ऐकू आला पाहिजे.

वडील 2003 साली गेले. त्यानंतर तीन-चार पावसाळ्यांत दिमडीचं कातडं एका बाजूनं उकललं, मग मधोमध चिरलं. आमचं स्वयंपाकघर तोवर गॅसवर गेलं होतं. पूर्वी ती चुलीच्या वरच्या खुंटीला असायची. धुरानं काळी पडायची, पण कोरडी राहायची, कसर लागत नसे. गॅस आला, बायकांच्या डोळ्यांचं पाणी थांबलं हे फार चांगलं झालं. फक्त खुंटीवरच्या वस्तूंना बुरशी यायला लागली.

वडलांच्या जोडीला वाजवणारे एक म्हातारे वाघ्या होते, त्यांना आम्ही नाना म्हणायचो. त्यांचा हात चालू होता, पण त्यांची स्वतःची दिमडी मुलानं कुठंतरी हरवलेली. आमची दिमडी त्यांनी हातात घेतली, चिरेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "घोरपड बघ लेका. दुसरं कशाचं चढवू नगंस. बकऱ्याचं कातडं वाजत न्हाई, रडतंय."

घोरपड बघणं अवघड नव्हतंच. आठ दिवसांत एक माणूस दारात आला. पोत्यात जिवंत घोरपड होती, पाय पाठीवर बांधलेले. कातडं तुम्हाला, मटण मला, वर पाचशे रुपये द्या म्हणाला. चुलतभाऊ म्हणाला, घेऊन टाक, देवाच्या कामाला आहे.

मी त्याला पोतं सोडायला लावलं आणि पाचशे रुपये न देता हाकलला. घोरपड विहिरीमागच्या बांधावर सोडली. कायद्याचं मला ठाऊक होतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. आता तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. पण खरं सांगायचं तर पोलिसाच्या भीतीनं सोडली नाही. माझ्या लहानपणी बांधाला, वारुळापाशी, ओढ्याच्या दरडीत घोरपड हमखास दिसायची. उंदीर खायची, किडे खायची, कोंबडीची अंडीही पळवायची, म्हणून आई शिव्या द्यायची. सिंहगडाच्या गोष्टीतली यशवंती सगळ्यांना पाठ, पण खरी घोरपड माझ्या नातवानं पोत्यातून निघालेलीच पहिल्यांदा बघितली. वडलांचा आवाज परत आणायला बांधावरची शेवटची घोरपड सोलायची, हे मला पटलं नाही.

नाना रागावले. तीन महिने आमच्या ओट्यावर आले नाहीत.

मग मी करडाच्या कातड्याच्या मागं लागलो. थोराड बकऱ्याचं जाड असतं, ते खरंच रडतं. नानांचं म्हणणं तिथवर बरोबर होतं. दोन-तीन महिन्यांच्या करडाचं पाहिजे. खाटकाकडून पहिलं आणलं ते छान दिसत होतं. चुन्याच्या पाण्यात तीन दिवस ठेवलं, केस सुटले, बोथट विळ्यानं खरवडून घेतलं, आतला पापुद्रा काढला, चार पाण्यांनी धुतलं आणि फळीवर खिळे मारून सावलीत वाळवलं. वाळताना त्यात बोटभर फट पडली. सोलताना सुरीचा ओरखडा आत राहिला होता, ओलं असताना तो दिसत नाही. तेव्हापासून मी कातडं उजेडासमोर धरून बघितल्याशिवाय पैसे देत नाही. खाटीक हसतो, म्हणतो नवरी बघायला आला काय.

दुसरं कातडं निर्मळ होतं. ते कापताना पाठीच्या कण्याची रेघ कड्याच्या बरोबर मधून जाईल असं बेतलं. हे मला हलगी मढवणाऱ्या एका जुन्या कारागिराने सांगितलं होतं. पोटाकडचं कातडं पातळ आणि सैल असतं. ते एका अंगाला आलं की ताण एकीकडे जातो आणि दिमडी दोन आवाजांत बोलते. चिकटवायला चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, रात्रभर भिजवून पाट्यावर वाटायचे आणि मंद आचेवर शिजवायचे. त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं तोंड लावत नाहीत. बाजारातला पांढरा गोंद लोक वापरतात; तोही धरतो, पण पुढच्या वेळी कातडं काढायचं झालं तर लाकडाचा कपचा घेऊन निघतो. खळ कोमट पाण्यानं सुटते. कडं वडलांचं होतं, त्याचा कपचा निघणं मला परवडणारं नव्हतं.

कातडं भिजवून मऊ केलं, खळ लावून चढवलं, भोवती सुतळीचे आठ-दहा वेढे घट्ट दिले. इथं ओढाताण करायची नसते. ओलं कातडं हातानं सपाट झालं की पुरे, वाळताना ते स्वतःच आवळतं. जास्त ओढलं तर रात्री फाडकन आवाज येतो आणि घर जागं होतं.

तिसऱ्या दिवशी सुतळी सोडली. वरून झकास ताणलेलं, पण एका बाजूला चार बोटं कड उचललेली, आत हवा. ओल्या फडक्यानं शेकून, बांबूच्या काडीनं आत खळ भरून परत बांधलं. परत तिथंच सुटलं. मग त्या जागेला नाक लावलं तेव्हा उलगडा झाला. हळदीचा वास! वडील दिमडी डाव्या हातात जिथं धरायचे तीच ती जागा. चाळीस-पन्नास वर्षांचा भंडारा, हाताचा घाम आणि दिवटीचं तेल लाकडात मुरलेलं. त्यावर खळ काय धरणार.

ते खरवडायला हात धजेना. बायको म्हणाली, "बाहेरनं ऱ्हाऊ द्या की. कातडं चिकटतंय तेवढीच कड घासा." म्हणून काचेच्या तुकड्यानं वरची बोटभर पट्टी पांढरं लाकूड दिसेतो घासली. तिच्याखालचा, बोटांचा पिवळा डाग तसाच ठेवला. या वेळी कड सुटली नाही.

चंपाषष्ठीला भावकीत जागरण होतं. नानांकडे मी दिमडी नेऊन दिली, काही बोललो नाही. त्यांनी आधी पालथी केली, पिवळ्या डागावर आपली बोटं ठेवून बघितली. मग कातड्यावर थाप मारली, कान दिला. "जरा हुंकारतीया," म्हणाले. शेकोटीपाशी बसून शेकली, परत वाजवली. असं तीनदा. रात्री अकराला चौक भरला, उसाची पाच धाटं उभी झाली, येळकोट झाला आणि नाना उभे राहिले. पहाटे लंगर तुटेपर्यंत दिमडी खाली ठेवली नाही त्यांनी. मध्ये दोनदा दव पडून आवाज बसला, दोनदा शेकली. सकाळी मला म्हणाले, "घोरपड न्हाई ही." थोड्या वेळानं म्हणाले, "पर बोलती."

गोव्यात घुमटाला पूर्वी घोरपडीचंच कातडं असायचं, आता तिथंही बकऱ्याचं चढवतात आणि 2019 मध्ये सरकारनं घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला, हे वाचलं तेव्हा मी नानांना सांगायला गेलो. ते म्हणाले, त्यांच्याकडं पाऊस जास्ती, त्यांना शेकायला लई लागत आसंल.

आता फायबरच्या, प्लास्टिक लावलेल्या दिमड्या येतात. पावसात बसत नाहीत, शेकावं लागत नाही, मोठ्या वाजतात. पोरं त्या घेतात आणि मी त्यांना नावं ठेवत नाही; लाऊडस्पीकरपुढं त्याच चालतात. तरी वर्षाला चार-पाच जणं कडं घेऊन माझ्याकडं येतात. मी मजुरी घेत नाही, कातडं मात्र त्यांनी आणायचं, उजेडात बघून. नाना गेले त्याला सहा वर्षं झाली. दिमडीवरचं कातडं त्यानंतर एकदा बदललं, पिवळ्या डागापर्यंत अजून दोन बोटं लाकूड शिल्लक आहे. विहिरीमागच्या बांधावर अधूनमधून शेपटी ओढल्याची रेघ दिसते, आणि कोंबडीची अंडीही कमी भरतात.