तीन गावे, एक मूठ

ओकिनावाला जाण्याचा योग मला 2023 च्या नोव्हेंबरात आला तो कचेरीच्या कामाने. पण मनात काम निराळेच होते. त्याच वर्षी आम्ही दादरचे बिऱ्हाड मोडून पुण्याला आलो. आमची धाकटी मुंबईत दोन वर्षे कराटे शिकत होती. तिथली पहिली 'काता' – म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची मालिका – तिला झोपेतही आली असती. पुण्याच्या नव्या वर्गात तिने ती मोठ्या ऐटीत करून दाखविली, तर तिथले मास्तर म्हणाले, "ही पहिली नव्हे, दुसरी. नावही चूक आणि उभे राहणेही चूक. पुन्हा पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात कर!"

पोरीने आपला हिरवा पट्टा कपाटाच्या तळाशी घातला आणि कराटेचे नाव टाकले. "बाबा, मी दोन वर्षं खोटंच शिकले का हो?" या तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

नाहाच्या विमानतळावरून मोनोरेलमध्ये बसले की अर्ध्या तासाच्या आत शुरी येते. खाली बंदर, वर टेकडीवर राजवाडा. 1429 पासून 1879 पर्यंत इथे र्‍युक्यूचे राज्य नांदत होते. राजवाड्याचा मुख्य भाग 31 ऑक्टोबर 2019 रोजी आगीत भस्मसात झाला. मी गेलो तेव्हा त्याची पुनर्बांधणी चालू होती. तटावर उभे राहिले की कराटेची सारी जन्मभूमी नजरेच्या एका टप्प्यात येते. राजदरबारी मंडळींचे शुरी, चीनशी व्यापार करणारे नाहा आणि जवळचेच लहानसे बंदर तोमारी. तिन्ही गावे अवघ्या काही किलोमीटरांत! जपानीत 'ते' म्हणजे हात. म्हणून शुरीचा हात तो 'शुरी-ते', नाहाचा 'नाहा-ते', तोमारीचा 'तोमारी-ते'.

आपल्याकडे ग्वाल्हेर आणि किराणा यांचा राग एक, पण चाल वेगळी, तसेच हे. शुरीचा हात हलका, चपळ, सरळ रेषेत जाणारा. नाहाचा हात जमिनीला पाय रोवून, श्वास कोंडून-सोडून, प्रतिपक्ष्याच्या अगदी अंगाशी भिडून चालणारा. नाहाचे हिगाओन्ना तरुणपणी चीनमधल्या फुचौला जाऊन शिकून आले होते. त्यांचे शिष्य मियागी यांनी पुढे 'गोजू-र्‍यू' म्हणजे 'कठोर-मृदू' असे घराणे स्थापन केले. शुरीच्या इतोसूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी कराटे शाळेत नेले. त्यांचे शिष्य फुनाकोशी 1922 मध्ये तोकियोला गेले; त्यांच्या परंपरेचे नाव 'शोतोकान'. माबुनी तर इतोसू आणि हिगाओन्ना या दोघांकडेही शिकले. दोन्ही गुरूंच्या नावांतली पहिली अक्षरे जोडून त्यांनी 'शितो-र्‍यू' हे नाव घेतले. दोन्ही गुरूंना असा एकाच नावात नमस्कार करणारा शिष्य मला फार आवडला.

नाहातल्या एका गल्लीत, राहत्या घराच्या माडीवर शिकविणाऱ्या एका म्हाताऱ्या गुरुजींकडे दुभाष्याने मला नेले. मी मुलीची सारी हकिगत सांगितली. म्हातारबुवा खुदकन हसले आणि कागदावर दोन अक्षरे काढून म्हणाले, "ही शांततेची अक्षरे. चिनी वळणाने वाचली तर 'पिनान', जपानी वळणाने वाचली तर 'हेइआन'. इतोसूंनी शाळेतल्या मुलांसाठी या पाच काता बसविल्या. फुनाकोशींनी नाव बदलले आणि पहिल्या दोघींची अदलाबदल केली, कारण दुसरी शिकायला सोपी. तुमच्या मुलीची पहिली, ती दुसऱ्या घरची दुसरी. चूक कोणाचीच नाही."

मग वयाला न शोभणाऱ्या चपळाईने ते उठले. एकदा लांब पाऊल टाकून, खोल बैठक घेऊन वळले. एकदा पाय आखडता घेऊन, मांजरासारखा पंजा टेकवून. माझ्यासारख्या अडाण्यालाही एक गोष्ट दिसली. दोन्ही वेळा ते डावीकडेच वळले होते.

"शत्रू डावीकडून येतो ना!" गुरुजी म्हणाले. "तो काही घराणे विचारून येत नाही."

पुण्याला परतल्यावर मी हे सारे पोरीला सांगितले. ती काही बोलली नाही. पण रविवारी सकाळी दिवाणखान्यातली खुर्ची भिंतीशी सरकविल्याचा आवाज आला. डोकावून पाहिले तो कमरेला हिरवा पट्टा.

"बाबा, बघा. ही दादरची." लांब पाऊल पडले. "आणि ही पुण्याची." पंजा अलगद टेकला.

दोन्ही वेळा ती डावीकडेच वळली. पुढल्या सोमवारी ती पांढरा पट्टा बांधून वर्गाला गेली. हिरवा मात्र कपाटाच्या तळाशी न ठेवता तिने खुंटीला टांगून ठेवला.