पाण्याला वाट कुठून?

पोलादपूर मागे टाकून गाडी महाबळेश्वरच्या रस्त्याला लागली की डोंगर दोन्ही अंगांनी जवळ येऊ लागतात. आंबेनळी घाटाची चढण अजून पुढे असते. कापडे त्या चढणीच्या अलीकडचे, सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. दसऱ्यानंतर इथली हवा पालटते. चार महिने झोडपणारा पाऊस गेलेला, भाताची कापणी चाललेली, खळ्यावर पेंढ्याचा वास. सकाळचे धुके दरीतून लवकर हलत नाही, आणि एकदा ऊन पडले की चिखल सुकून भेगाळू लागतो. दिवाळीच्या सुट्टीत पोरांच्या हाती लागतो तो हाच चिखल.

किल्ल्याची जागा कोणती, यावरून पहिले भांडण. मग दगड-विटांचा ढीग, त्यावर भिजवलेले गोणपाट, वर चाळलेल्या तांबड्या मातीचा लेप. बुरूज, पायऱ्या, गुहेतला वाघ, तोफेपाशी उभे मावळे, सिंहासनावर महाराज. उतारावर मोहरी नाहीतर अळीव पेरले की चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा. पुण्या-कोल्हापुरातही हेच चालते. पण या खोऱ्यात मान वर केली तरी नमुना समोर असतो. घाटावर प्रतापगड, ढवळ्याच्या खोऱ्यात चंद्रगड, महाडच्या बाजूला मंगळगड आणि रायगड. शिवाय तानाजी मालुसऱ्यांची समाधी असलेले उमरठ याच पोलादपूर तालुक्यातले. शिवरायांनी 1656 साली मोऱ्यांकडून जावळीचा हा मुलूख घेतला, तेव्हा या रानातल्या वाटा, खिंडी आणि पाणवठे हीच खरी दौलत होती.

सुट्टीला चाकरमान्यांची मुले मुंबईहून येतात ती फोन घेऊन. मातीचे हात धुऊन झाले की ओटीवर चार डोकी एका पडद्यावर वाकतात आणि दुसरा किल्ला सुरू होतो. माईनक्राफ्ट हा खेळ 2009 साली स्वीडनच्या मार्कुस पेर्सनने लोकांसमोर आणला. 2023 पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. सगळे जग चौकोनी ठोकळ्यांचे, एकेक ठोकळा मीटरभर लांब-रुंद-उंच. खेळातला दिवस आणि रात्र मिळून वीस मिनिटे. सर्व्हायव्हल प्रकारात खेळाडू मोकळ्या हातांनी रानात उतरतो. झाड तोडायचे, लाकडाची हत्यारे करायची आणि अंधार पडायच्या आत निवारा गाठायचा, कारण रात्री भुते फिरतात आणि क्रीपर नावाचा हिरवा प्राणी आवाज न करता जवळ येऊन फुटतो. पहिल्या रात्रीचा हा निवारा, म्हणजे ‘बेस’, बहुधा डोंगराच्या कुशीतले एक बीळ असते, तोंडाशी मातीचे चार ठोकळे लावलेले.

याच खेळात क्रिएटिव्ह नावाचा प्रकारही आहे. तिथे सामान अमाप, उडता येते, मरणाची भीती नाही. मुले तासाभरात सोन्याचे राजवाडे उभारतात आणि तासाभरात कंटाळतात. टंचाईत बांधलेल्या बेसला मात्र चेहरा येतो. दार या बाजूला का, तर त्या बाजूने धोका. कोठार खाली का, तर खाण जवळ पडते. वर चौकी का, तर परतीची वाट दिसावी. प्रत्येक भिंतीमागे काही ना काही घडलेले असते. ज्याला सर्जनशीलता म्हणतात ती या खेळात अडचणीतूनच निघते.

2021 साली आलेला व्हॅलहाईम हा आणखी एक स्वीडिश खेळ याबाबतीत अधिक कडक. त्यात उघड्यावरचे लाकूड पावसाने झिजते. सुताराचा ओटा छपराखाली नसेल तर काम होत नाही. घरात चूल पेटवून धुराला वाट ठेवली नाही तर खेळाडूचाच जीव गुदमरतो. तुळई जमिनीच्या आधारापासून जितकी लांब, तितका तिचा रंग निळ्यावरून हिरवा, पिवळा, तांबडा होत जातो. तांबड्याच्या पुढे ती मोडून पडते. कापड्याच्या जुन्या माणसाला यातले काही नवे वाटणार नाही. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, कौलांची वळचण भिंतीच्या पुढे आलेली, पावसाच्या बाजूला पेंढ्याचे झाप बांधलेले, चुलीचा धूर कौलांतून निघणारा. ही घरे कोणी नकाशावर रेखाटली नव्हती. आधी पावसाने घर पाडले असेल, मग पुढच्या वर्षी वळचण हातभर लांबली असेल.

बेस कसा बांधावा याचा मराठीतला अस्सल ग्रंथ मात्र या खेळांहून तीनशे वर्षे जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांवर एक सबंध प्रकरण आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून तळी-टाकी करावी, आणि एका झऱ्यावर विसंबून राहू नये, असे ते बजावते. एकाहून अधिक दरवाजे, चोरदिंड्या ठेवण्यास सांगते. गडावरचा केरकचरा खाली ढकलू नये, तो जाळून त्याची राख परसात घालून भाजी पिकवावी, इतक्या बारकाव्यापर्यंत ते जाते. आरमारासाठी लाकूड हवे तरी रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, असेही त्यात आहे, कारण ती झाडे लोकांनी पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. खेळात पहिल्याच मिनिटाला समोरचे झाड तोडणाऱ्याने हे कलम वाचावे. रायगडावर हिरोजी इंदुलकरांनी बांधकाम केले तिथे हा हिशेब डोळ्यांनी दिसतो. वाड्यांच्या लगतच गंगासागर, आणि तळी-टाकी गडभर पसरलेली.

पाण्यापाशीच माईनक्राफ्ट खोटा पडतो. जमिनीत दोन बाय दोनचा चौकोनी खड्डा करून समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन बादल्या पाणी ओतले की ते कधी आटत नाही, कितीही उपसा. पोलादपूर तालुक्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी उन्हाळ्यात वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. दुसरा खोटेपणा त्याहून मोठा. त्या खेळात वाळू, खडी अशा मोजक्याच गोष्टी खाली पडतात. माती पडत नाही. डोंगराचा पायथा सगळा खणून काढला तरी वरचा डोंगर हवेत तसाच लटकून राहतो.

22 जुलै 2021 ला या भागात कोसळलेल्या पावसात महाड शहर पाण्याखाली गेले. तळिये गावावर दरड येऊन ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथे डोंगर घरांवर आला. पाण्याने फुगलेली माती उतारावर धरून राहत नाही, हे या खोऱ्याने असे पाहिले आहे. डोंगरात रस्ता काढताना, घरासाठी उतार कापून सपाटी करताना पाणी कुठे जाईल हा प्रश्न म्हणूनच आधी यायला हवा, आणि तो बहुतेक वेळा शेवटी येतो.

अंगणातल्या दिवाळीच्या किल्ल्याला मात्र हा प्रश्न चुकवता येत नाही. अवकाळी सर आली की कच्चा बुरूज तासाभरात बसतो. मग पोरे आतून दगड वाढवतात, उतार कमी करतात, मागच्या बाजूने बोटाने चर ओढतात. फोनवरच्या खेळाने जागा निवडणे, सामान जपून वापरणे, भिंतीला कारण असणे हे शिकवले तर चांगलेच आहे, आणि फोन हिसकावून घ्यायचे काही कारण नाही. पण मातीचे वजन त्यात कळत नाही; त्यासाठी माती हातात घ्यावी लागते. म्हणून या दिवाळीत गावी जाणाऱ्या थोरांनी एवढे करावे. पोरांनी किल्ला दाखवला की नुसते ‘छान’ म्हणून फोटो काढून निघू नये. त्यांच्याशेजारी उकिडवे बसून एक तांब्या पाणी माथ्यावर ओतावे आणि ते कुठून बाहेर पडते ते त्यांच्यासोबत पाहावे.