मुरलेलं शिसं

कोल्हापूरहून गारगोटीला जाणारी एस.टी. कळंब्यात थांबायची तिथून आमची गल्ली हाकेच्या अंतरावर. एका बाजूला कात्यायनीचा डोंगर, दुसऱ्या बाजूला तळं. शहराला संस्थानकाळापासून पाणी देणारं हे तळं आम्हा पोरांच्या लेखी पोहण्यापुरतं होतं. 1970 साली मी तेरा वर्षांचा होतो. गल्लीच्या टोकाला आण्णा राहायचे. नात्यातले नव्हेत, पण आईच्या हातचं लोणचं दरसाल त्यांच्या घरी जायचं आणि त्यांच्या गावाकडचा तांदूळ आमच्याकडे यायचा.

आण्णांनी उभी हयात उद्यमनगरातल्या फौंड्रीत मोल्डर म्हणून काढली. ऑइल इंजिनाच्या बॉड्या त्यांनी किती ओतल्या याची मोजदाद त्यांनाही नव्हती. सुटल्यावरही हात गप्प बसेनात. त्यांचा धाकटा भाऊ भुदरगडात शेती करायचा. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची. भावाच्या नावावर शेतराखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, आणि तिच्या गोळ्या दसऱ्याच्या आसपास आण्णा आपल्या परड्यात ओतायचे. 1972 चा वन्यजीव कायदा यायचा होता. तेव्हा हे चोरीछुपीचं नव्हतं. चुलीवर काकवी आटवावी इतक्या उघडपणे चालायचं.

तीन दगडांची चूल, लोखंडी पळी, आणि चिमट्यासारखा उघडणारा साचा. शिसं 327 अंशांना वितळतं, हे मला पुढे पुस्तकातून कळलं. आण्णा कागदाची सुरळी बुडवून बघायचे. कागद तांबूस झाला की शिसं तयार, पेटला की फार तापलं. वर आलेली मळी पळीनं बाजूला सारायची, साचा आधी धगीवर धरून ऊन करायचा, मग एका दमात धार. धार तुटली तर गोळीला सुरकुती पडते. पाण्याचा तांब्या चुलीपासून दहा पावलं लांब, कारण वितळल्या शिशात थेंब पडला तर ते बंदुकीशिवायच उडतं. आणि काम झाल्यावर राखेनं हात घासल्याबिगर भाकरीला शिवायचं नाही. हा नियम त्यांनी माझ्याकडून जितका पाळून घेतला तितका माझ्या शाळेनं एकही नियम पाळून घेतला नाही.

गोळ्या निवल्या की पट्टी. हाताच्या पंजाएवढी पोलादी पट्टी आणि तिच्यात एकच भोक, उद्यमनगरातल्या कुण्या टर्नरकडून नेमक्या मापाचं करून घेतलेलं. गोळी भोकावर ठेवायची. आपल्या वजनानं खाली पडली तर पास. अडली तर पुन्हा पळीत. ठासणीच्या नळीत गोळी फडक्यासकट गजानं खाली सारावी लागते, ती मध्येच अडकून बसली तर पुढचा बार बंदूकवाल्याच्याच अंगावर यायचा. पास झालेल्या गोळ्या तंबाखूच्या पत्र्याच्या डब्यात जायच्या आणि डबा फळीवर.

"आता पंधरा दिस मुरू द्यायच्या," आण्णा म्हणायचे.

लोणचं मुरतं, मुरंबा मुरतो, फार तर एखादा कारकून नोकरीत मुरतो. शिसं काय मुरणार? मी हसायचो. ते हसायचे नाहीत. "भंगारवाला सांगतोय चोख शिसं. त्याच्या पोटात काय हाय ते आज न्हाई कळत. पंधरा दिसांनी नख लावून बघ, मग कळतंय."

आण्णांचं शिसं जुन्या केबलीच्या सालीचं. मऊ, नखानं ओरखडा उठणारं. त्या वर्षी ते कमी पडलं. मी सुट्टीत मंगळवार पेठेतल्या एका छोट्या छापखान्यात मोडणीचं काम करायचो. छापून झालेल्या मजकुराचे खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, आणि झिजलेले खिळे कोपऱ्यातल्या डब्यात. तो डबा पुन्हा ओतायला जायचा. खिळे शिशाचे असतात एवढं मला ठाऊक होतं. पाव किलोभर खिळे मी दोन खेपांत चड्डीच्या खिशातून आणले. आण्णांना खूश करायचं होतं. चोरी हा शब्द मनात आला नाही असं मात्र म्हणत नाही. आला होता.

आण्णा तांब्या भरायला गेले तेवढ्यात खिळे पळीत सोडले. बघता बघता विरघळले. त्या दिवशीची धार काय वर्णावी! गोळ्या आरशासारख्या निघाल्या. आण्णा म्हणाले, "आज शिसं गुणाचं दिसतंय." तेवढ्यात त्यांना तळ्याकडून कुणाचं तरी बोलावणं आलं. पट्टी माझ्या हातात देऊन ते गेले.

एकही गोळी पडेना. केसाएवढ्या जाड, पण जाड. पुन्हा वितळवायचं म्हणजे आण्णा परत येईपर्यंत चूल चालू दिसणार आणि प्रश्न येणार. मी लाटण्याचं टोक गोळीवर ठेवलं आणि हातोडीनं हलकेच ठोकलं. गोळी चरचरत पार. तीस गोळ्या, तीस ठोके. प्रत्येकीच्या कमरेला एक चकचकीत पट्टा उमटला, करगोट्यासारखा. डब्यात भरून झाकण लावलं.

पंधरा दिवसांनी आण्णांनी मला हाक मारली. उंबऱ्यावर उन्हात डबा उघडा होता. एक गोळी घेऊन त्यांनी माझ्यापुढे धरली. "नख लाव."

लावलं. नख घसरलं.

"पट्ट्यावर लाव."

तिथे बारीक ओरखडा उठला.

मग त्यांनी बंडीच्या खिशातून काहीतरी काढून फरशीवर उभं केलं. राखेनं काळवंडलेला एक खिळा. उलटा ळ. पळीत टाकताना माझ्या हातून निसटलेला असणार. पोटात गोळा येणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी नीट समजलं.

ते ओरडले नाहीत. "किती?" एवढंच विचारलं. पाव किलो, मी म्हणालो. त्यांनी टोपी घातली, कोपऱ्यातलं उरलंसुरलं केबलीचं शिसं पिशवीत टाकलं आणि मला घेऊन छापखाना गाठला. मालकापुढे पिशवी ठेवून म्हणाले, "माझ्या भंगारात तुमचं खिळं आलं, नजरचुकीनं. तोलून घ्या." मालकानं तराजू आणला. पारडं आमच्या बाजूनं चांगलं झुकलं. मालक माझ्याकडे बघत होता, आण्णा तराजूकडे. माझं काम टिकलं. घरी कुणाला काही कळलं नाही.

त्या दसऱ्याला भुदरगडात गोळ्या गेल्या नाहीत. भावानं रात्रभर माळ्यावर बसून पत्र्याचे डबे बडवले. तरी डुकरांनी बांधाकडचं भात लोळवलंच. हे मला आण्णांच्या तोंडून नाही, त्या वर्षी तांदूळ आला नाही त्यावरून समजलं. लोणचं मात्र आईनं नेहमीसारखं पाठवलं. तिला काय माहीत!

1974 साली कळंबा रोडवरच्या आय.टी.आय.त मी मोल्डरच्या ट्रेडला गेलो. अर्ज आण्णांनीच आणून दिला होता. पुढे शिरोलीच्या एका फौंड्रीत तपासणीच्या खोलीत नोकरी केली, आणि तिथे एका रिकाम्या दुपारी ही मुरण्याची भानगड उलगडली. छापखान्याच्या खिळ्यात शिशाबरोबर अँटिमनी आणि थोडं कथील असतं. अँटिमनीमुळे धातू निवताना कमी आकसतो, म्हणून अक्षराची कड रेखीव येते आणि म्हणूनच माझ्या गोळ्या पट्टीत अडल्या. 252 अंशांना घट्ट शिसं साडेतीन टक्के अँटिमनी पोटात ठेवू शकतं. गार झालं की त्यातलं फारच थोडं मावतं. उरलेलं दिवसादिवसानं बारीक कणांच्या रूपात आत बाहेर पडत राहतं आणि शिसं टणक होत जातं. ओतल्या दिवशी मऊ वाटलेली गोळी पंधरवड्यात नखाला दाद देत नाही ती त्यामुळे. चोख शिसं असं काही करत नाही. आणि ठोकून, दाबून मापात आणलं की दाबलेला भाग उलट नरम पडतो. माझा करगोटा! आण्णांनी यातला एक शब्द वाचला नव्हता.

मी धावत जाऊन त्यांना हे सगळं सांगितलं. ते ऐकून घेत तंबाखू मळत होते. मग मी इतकी वर्षं अडलेला प्रश्न विचारला. खिळा कधी सापडला?

"त्याच दिशी. राख काढताना."

म्हणजे पंधरा दिवस त्यांना माहीत होतं. त्या पंधरा दिवसांत मी रोज त्यांच्या घरी जात होतो. दोनदा जेवलो होतो.

1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलचं कांस्य मिळवलं, तेव्हा अख्खं कोल्हापूर टीव्हीपुढे होतं. हे नेमबाज कारखान्यातल्या गोळ्यासुद्धा खेप-खेप पारखून घेतात, आपल्या नळीला कुठली मानवते ते झाडून बघतात. नातवाला हे सांगता सांगता मी उठलो आणि कपाटातून पट्टी काढली. आण्णा गेल्यावर त्यांच्या मुलानं ती मला दिली होती, तंबाखूच्या डब्यासकट. डब्यात एकच गोळी उरलीय, करडी, राखेचा रंग धरलेली. करगोटा आता डोळ्यांना दिसत नाही.

नातवानं ती भोकावर ठेवली. टप्पकन खाली पडली. "बसते की आजोबा!"

मी गोळी उचलली, बोटात जराशी फिरवली आणि परत ठेवली. अडली.