काळाच्या दारात

परांड्याचा भुईकोट मागे टाकून सोनारीकडे निघाले की माळरान आणि अधूनमधून काळ्या रानातली ज्वारी, एवढीच काय ती सोबत असते. पाऊस या भागात हात राखूनच पडतो. अशा मुलखात काळभैरवनाथ नांदतो. दूरदूरच्या कितीतरी घराण्यांचे हे कुलदैवत. चैत्रात यात्रा भरते, रथ निघतो आणि गावात पाऊल ठेवायला जागा उरत नाही. आम्ही गेलो ते मात्र यात्रेला नव्हे.

माझा धाकटा भाऊ जाऊन तीन महिने झाले होते. घराचे सुतक रीतीप्रमाणे फिटले, आईचे फिटेना. देव्हाऱ्यातला दिवा तिने लावणेच सोडले. “ज्यानं नेला त्यालाच हात जोडू का?” या प्रश्नाला माझ्या एम्.ए.च्या पदवीत उत्तर नव्हते. उत्तर दिले ते आत्याने. ती म्हणाली, “वैनी, रुसायचंय ना? मग त्याच्या पुढ्यात जाऊन रुसा. घरात बसून रुसलेलं त्याला काय कळायचं?”

मराठी शिकवणाऱ्याला शब्दांची खोड असते. वाटेत मी या देवाच्या नावाचाच विचार करीत होतो. काळ म्हणजे वेळ आणि काळ म्हणजे मृत्यूही. भैरव म्हणजे भय उपजवणारा. एवढ्या भीतीदायक नावाच्या शेवटी लोकांनी ‘नाथ’ जोडला. नाथ म्हणजे धनी, आधार. तो नसला की माणूस अनाथ होतो. भय आणि आसरा एकाच नावात बांधणाऱ्या आपल्या पूर्वजांना मरण काही कमी ठाऊक नव्हते.

याच धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. गोरोबाकाकांचे गाव. त्यांची समाधी शके १२३९ची, म्हणजे इ.स. १३१७ची मानतात. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना पोटचे पोर त्यांच्याच पायांखाली गेले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. कथेत पंढरपुरी, नामदेवांच्या कीर्तनात, मूल परत मिळते. आपल्या घरी तसे घडत नाही, हे ऐकणाऱ्या प्रत्येक आईला ठाऊक असते. तरी ती ही कथा ऐकते. मला वाटते, देवाचे नाव तोंडी असतानाही मूल गेले, हे ही कथा लपवीत नाही म्हणून ती ऐकते. भक्ती म्हणजे संकटाविरुद्धचा विमा नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आठवा. गणपती बोळवून माणसे नुकती झोपली होती, तोच ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली जमीन हादरली. ७ हजारांहून अधिक माणसे गेली. त्या भागातल्या घरांत आजही देव्हारे आहेत. ही माणसे काही भोळी म्हणून हात जोडीत नाहीत.

सोनारीच्या देवळात आईने हात जोडलेच नाहीत. नाथाकडे पाहत ती उभी राहिली आणि हलक्या आवाजात बराच वेळ बोलली. काय बोलली ते मी ऐकले नाही, ऐकायचेही नव्हते. कोणी तिला पुढे सरका म्हणाले नाही.

बाहेर आलो तर सोनारीची ती प्रसिद्ध माकडे! देवाची म्हणून गाव त्यांना जपते. एका माकडिणीने आईच्या हातातला खोबऱ्याचा तुकडा झटकन ओढला. तिच्या पोटाला इवलेसे पिल्लू बिलगले होते. आई दचकली, मग पाहतच राहिली. उरलेले खोबरे तिने आपण होऊन पुढे केले आणि म्हणाली, “घे बाई, लेकराला सांभाळ.” तीन महिन्यांत तिने कोणाला प्रेमाने काही खाऊ घालायची ही पहिलीच वेळ.

त्या रात्री घरी दिवा लागला नाही. चौथ्या दिवशी लागला. आईचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो विचारायला आता तिला जागा मिळाली आहे.

वाचकहो, यंदा दिवाळीत तुमच्या आळीतही एखादे घर अंधारे असेल. शोकाच्या घरी फराळ तळत नाहीत. शेजारीपाजारी आणि नात्यातली माणसे डबा नेऊन देतात. देवाची दया कशी असते, हे मला ग्रंथांतून जेवढे समजले त्याहून अधिक त्या डब्यातून समजले. डबा नेऊन द्या, आणि घटकाभर बसाही.