शिंपलीचा चिमटा

गेंटच्या त्या चिंचोळ्या रेस्तराँत टेबलं जेमतेम आठ, काचांवर वाफ. लेकीने डच भाषेत मागवलं, तशी वाढणारी बाई काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. कशाला, ते मला कळलं नाही.

काळ्या पातेल्यात शिंपल्या आल्या. कांदा, सेलरी, पांढरी वाइन, बस्स; ना खोबरं, ना कोकम. सोबत दोनदा तळलेला बटाटा आणि मेयॉनेज. मी काटा उचलला तर म्हणाली, "आई, असं नाही गं." पहिली शिंपली रिकामी करायची आणि तिच्याच चिमट्याने बाकीच्यांतला गर ओढायचा. टरफलं पातेल्याच्या झाकणात. हे मला फार आवडलं. तिसऱ्या आपण तरी काट्याने कुठे खातो? या शिंपल्या खरं तर बेल्जियमच्या नाहीतच. बहुतेक शेजारच्या नेदरलँड्समधून, झीलंडहून येतात. इथले लोक मात्र त्यांना आपल्याच मानतात.

तळाच्या रसात पाव बुडवत ती म्हणाली, "मी इथेच राहायचं म्हणतेय."

"कधी ठरवलंस?"

"दिवाळीत."

दिवाळीत ती मालवणला घरीच होती. भाऊबीज झाल्यावर मी तिच्यासाठी तिसऱ्याही केल्या होत्या.