हात काढायचे म्हणजे

चित्रकलेच्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, असे कुणी मला विचारले तर मी क्षणाचाही विचार न करता सांगेन, ‘हातांची!’ परीक्षेची नव्हे, रंगांच्या वाढत्या किमतींची नव्हे, ‘पुढे पोटापाण्याचे काय करणार?’ असे विचारणाऱ्या मावश्यांचीसुद्धा नव्हे. चेहरा कसाही जमतो. नाक थोडे लांबले तरी पाहणारा म्हणतो, ‘असेल बाई तिचे नाक तसे!’ पण करंगळी जरा जाड झाली की लहान मूलही हसते. प्रत्येकाजवळ ताडून पाहायला दोन अस्सल नमुने कायम तयार असतात ना!

म्हणून आमच्या वर्गातली चित्रे एकदा पाहायला या. त्यांतले पुरुष खिशात हात घालून उभे असतात. बायका पदराखाली हात घेतात. मुले पाठीमागे काहीतरी लपवून असतात. शेतकरी गवतात कोपरापर्यंत बुडालेला असतो. परक्या माणसाला वाटावे, या मुलांच्या जगात फार थंडी पडत असावी!

वास्तविक हाताचे गणित काही गूढ नाही. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी साधारण हनुवटीपासून केसांच्या कडेपर्यंत भरते. आत सत्तावीस हाडे असतात. आधी तळव्याचा ठोकळा काढावा, मग बोटे सुटी न काढता एकत्र पंजासारखी धरावीत, अंगठ्याला वेगळी दिशा द्यावी. हे सारे पहिल्या वर्षीच शिकवतात. पण गणित येते आणि हात येत नाही. कारण हात नुसता आकार नसतो, तो नेहमी काहीतरी करत असतो. स्वस्थ मांडीवर पडलेला असला तरी तो स्वस्थ बसण्याचे काम करत असतो!

हे मला पहिल्यांदा कळले ते अजिंठ्याला. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, मागच्या भिंतीवर, पद्मपाणि बोधिसत्त्व आहे. त्याचा मुकुट, त्याच्या अर्धवट मिटलेल्या पापण्या यांविषयी मी पुष्कळ वाचले होते. पण अंधाराला डोळे सरावले आणि माझी नजर जाऊन बसली ती त्याच्या उजव्या हातावर. त्या हातात निळे कमळ आहे. धरले आहे म्हणावे, तर बोटांत जोर नाही. सोडले आहे म्हणावे, तर कमळ पडत नाही. त्या बोटांत हाडे शोधायला जावे तर सापडत नाहीत. आमच्या शिकवणीप्रमाणे त्या हाताला गुण कमीच पडले असते. आणि तरी दीड हजार वर्षांत त्या हातातून ते फूल निसटलेले नाही.

तिथल्याच एका कठड्याला टेकून मी मुंबईच्या काही जुन्या विद्यार्थ्यांचा विचार करत बसले. १८७२ साली सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन या डोंगरात आले आणि १८८५ पर्यंत या भिंतींच्या प्रतिकृती करण्याचे काम चालले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतलेच एक. त्यांच्याआधी रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षे इथे बसून मोठमोठी चित्रे उतरवली होती. ती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती आणि १८६६ च्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. पुढे ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांची चित्रेही लंडनला गेली, आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागून त्यांतलीही बरीचशी गेली! दोनदा चित्रे उतरवायची आणि दोनदा आगीने न्यायची, यापेक्षा मोठी थट्टा कोणती?

पण मला मात्र त्या मुलांचे कष्ट फुकट गेले असे वाटेना. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, परावर्तित उजेडात, डोळे ताणून ज्या मुलाने पद्मपाणीचा हात उतरवला असेल, त्याचा स्वतःचा हात संध्याकाळी सकाळचा राहिला नसेल. कॅनव्हास लंडनला गेला. हात मुंबईला परत आला. तो पुढे कुणाची तसबीर रंगवताना, कुणाला शिकवताना चालला असेल. आगीला सगळे काही मिळाले नाही.

दुसरा हात आमच्या गावाच्या माणसाने काढलेला. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले सा. ल. हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र तुम्ही नक्की पाहिले असेल. निदान एखाद्या कॅलेंडरवर तरी. हातात समई धरून उभी असलेली स्त्री, आणि ज्योतीसमोर आडवा धरलेला तिचा दुसरा हात. पुष्कळ घरांत ते ‘रवि वर्म्याचे चित्र’ म्हणून मोठ्या अभिमानाने दाखवले जाते. रवि वर्मा १९०६ मध्ये गेले आणि हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे, हे सांगून मी एकदोन यजमानांचा चहा कडू केला आहे! चित्रासाठी उभी राहिली होती ती हळदणकरांची मुलगी गीता. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे.

ते तैलचित्र नाही, जलरंगातले आहे. ज्यांनी कधी जलरंग हातात धरला असेल त्यांनाच याचा अर्थ कळेल. तैलरंगात चुकले तर वर रंग चढवता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागद. उजेड तिथे लावायचा नसतो, राखायचा असतो. सगळीकडे काळोख भरत यायचे आणि ज्योतीपुरती जागा कोरी सोडायची. त्या आडव्या हाताच्या बोटांमधून प्रकाश झिरपतो, बोटांच्या कडा तांबूस होतात, आणि पाहणाऱ्याला आपल्याच तळव्यावर ऊब आल्यासारखी वाटते. लहानपणी दिवाळीत तुम्ही पणतीपुढे हात धरून बोटे लाल झालेली पाहिली असतील. मीही पाहिली आहेत. पण ती कागदावर ठेवून द्यावीत, हे हळदणकरांना सुचले.

आता तिसरा हात. तो कुठल्याही राजवाड्यात नाही.

आमचे घर सावंतवाडीच्या चितारआळीतले. माझे आजोबा, आम्ही त्यांना ‘आजो’ म्हणतो, साठ वर्षे लाकडी फळे रंगवत आले. पांगाऱ्याचे हलके लाकूड, त्याचे आंबे, सीताफळे, काजू, केळी. आजोचा आंबा असा की देठाजवळ हिरवा, पोटावर पिवळा, आणि गालावर लाली. आणि हा रंग कुठे संपून तो कुठे सुरू झाला हे भिंग लावूनही सांगता येऊ नये. घरी आलेल्या पाहुण्यांची मुले तो उचलून वास घेत. आजो तेवढ्यावर दिवसभर खूश असत.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. औषधाने थोडा कमी झाला, गेला नाही. त्यांनी कुंचले धुऊन, पुसून डब्यात ठेवले आणि तेव्हापासून ते भर उन्हाळ्यातही खांद्यावर शाल घेऊन बसू लागले. शाल कशासाठी, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. बोलत कुणी नव्हते.

गेल्या वर्षी वार्षिक प्रदर्शनासाठी मी त्यांचा हात काढायचे ठरवले. ते म्हणाले, “हात कित्याक काढतंस गो? आंबो काढ. तो खपतलो तरी!” मी त्यांच्याच हातचा एक जुना आंबा कपाटातून काढून त्यांच्या हातात दिला. आंबा आला तसा हात शालीबाहेर आला.

मी पेन्सिलने काढत गेले. हात एका जागी राहत नव्हता, म्हणून माझी रेघही मी एका जागी ठेवली नाही. एका अंगठ्याला पाच-सहा कडा आल्या, बोटांभोवती रेघांचे जाळे झाले. आंबा मात्र मधोमध तेवढा स्थिर. चित्र आमच्या एका शिक्षकांना दाखवले. ते सज्जन गृहस्थ आहेत. म्हणाले, “अभ्यास चांगला आहे. त्या जादा रेघा पुसून, एक कड पक्की करून आणा, मग लावू.” मी रबर हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. त्या रेघा पुसल्या असत्या तर उरलेला हात सुबक झाला असता, पण कुणाचा? प्रदर्शनात माझी जागा दुसऱ्या कुणाच्या तरी निसर्गचित्राला मिळाली.

दिवाळीत चित्र घरी आणले. नरकचतुर्दशीची पहाट, कारीट फोडून झाले होते, तिखे-गोडे पोहे पानांत पडले होते. आजोंनी चश्मा लावून चित्र बराच वेळ पाहिले आणि विचारले, “इतक्यो रेघो कित्याक?”

आई माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटले, “तुमचो हात एका जाग्यार रवणा नाय, म्हणान.”

घरात कुणीही आजवर न उच्चारलेले वाक्य असे पोह्यांच्या पानावर येऊन पडले. आजो काही बोलले नाहीत. मग शाल बाजूला करून त्यांनी आपला हात चित्राशेजारी ठेवला. हात थरथरत होता. चित्रही थरथरत होते. ते म्हणाले, “ह्यो हात माझोच.” आणि थोड्या वेळाने, अस्सल चिताऱ्याच्या नाराजीने, “पण देठ खंय? देठाशिवाय आंबो म्हणजे नुसतो गोळो!”

जुन्या आंब्याचा देठ केव्हाच मोडून पडलेला होता. मी होता तसा काढला होता. आजोंनी माझी पेन्सिल मागितली. डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरले आणि आंब्यावर देठ काढला. वाकडा, तीन ठिकाणी तुटलेला, जेमतेम दोन बोटे लांब. त्याला पुष्कळ वेळ लागला. पोहे निवून गेले. आईने कुणालाच घाई केली नाही.

ते चित्र आता आमच्या माजघरात लावलेले आहे. पाहायला येणारे हाताचे कौतुक करतात, आणि देठ जरा कच्चा राहिला असेही सुचवतात. त्या देठाला मात्र आजवर मी कुणाला बोट लावू दिलेले नाही.